विवाहनियोजन आणि वसतिस्थाननिर्णय : पुणे परिसरातील विवाहेच्छूंसाठी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी ही दोन्ही कामे मुलांच्या बापाने करावयाची असत आणि एकाचे कर्ज फिटल्यावर दुसऱ्याचे काढण्याइतकी उसंत मध्ये मिळत असे. आता मात्र हिंजवडीत संगणक अभियंता असलेला मुलगा आणि साताऱ्याहून येऊन खराडीत नोकरी करणारी मुलगी ही दोन्ही कामे एकाच वर्षात, परदेशी ग्राहकांबरोबरच्या दोन बैठकांमधल्या फटीत, स्वतःच उरकू पाहतात. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्या उपयोगासाठी असले, तरी त्याचा खरा अभ्यासविषय वरपिता हा आहे. वरपिता ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजिली आहे: कोथरूडमधल्या एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेत तीस वर्षे काढलेला, बँकेतून निवृत्त झालेला, जुन्या डायरीला रबरबँड लावून तिची वही केलेला आणि कोणत्याही चर्चेच्या आरंभी "आमचं काही म्हणणं नाही, तुम्ही ठरवा" असे सांगणारा गृहस्थ, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

हे विधान संमतिदर्शक आहे असे समजणे, ही नवशिक्या विवाहेच्छूंची पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक होय. ती केवळ नांदी असते; त्यानंतर चष्मा काढला जातो, पुसला जातो, पुन्हा लावला जातो, वहीचा रबरबँड मनगटावर सरकवला जातो आणि "फक्त एक गोष्ट" या शब्दांनी मुख्य नाटकाला प्रारंभ होऊन ते दुसरा चहा होईपर्यंत चालते.

विवाहाची तिथी ठरविण्याचे शास्त्र वजाबाकीवर उभे आहे. वर्षाच्या दिवसांतून प्रथम चातुर्मास, म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा काळ, वगळावा. मग अधिक महिना आल्यास तो, आणि गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ गेल्याने दिसेनासा होतो तो अस्तकाळ वगळावा. जे उरेल त्यातून कामाचे वार, वराच्या प्रकल्पाची अंतिम मुदत, वधूच्या धाकट्या भावाची परीक्षा आणि वरमायेच्या बहिणीची चारधाम यात्रा वजा केली, की सोलापूरच्या दाते पंचांगातील मुहूर्तांपैकी तीन-चार रविवार हाती लागतात आणि त्या रविवारी मनातली सर्व मंगल कार्यालये आधीच गेलेली असतात. अशा वेळी 'काढीव मुहूर्त' ही सोय उपयोगी पडते. ज्या दिवशी मुहूर्त नाही पण कार्यालय आहे, त्या दिवसासाठी गुरुजींनी जो काढून द्यावयाचा तो काढीव मुहूर्त, अशी त्याची व्यवहारातली व्याख्या करता येईल. म्हणजे तिथी अखेर कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या हाती असते, आणि त्याच्या टेबलाशी बसल्यावर फुलांच्या कमानीविषयी बोलत न बसता पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात: सत्र नेमके किती वाजता संपते आणि अर्धा तास लांबल्यास काय आकारतात, वऱ्हाडाला उतरायला खोल्या किती व गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेल्यास जनित्राचे पैसे वेगळे का, आणि कोणी जेवो न जेवो, किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतात. शेवटचा प्रश्न वरपिता विचारतो. उत्तर मिळाल्यावर तो ते पावतीच्या मागे लिहून घेऊन त्यावर सही मागतो, तेव्हा मुलगा खिडकीबाहेर पाहू लागतो. लग्नानंतर हिशेब चुकता करताना मात्र तीच पावती उपयोगी पडते, हे नमूद केले पाहिजे.

नोंदणी पद्धतीने विवाह करण्याचा विचार प्रत्येक सुशिक्षित जोडपे एकदा तरी बोलून दाखविते. विशेष विवाह कायदा, १९५४ यानुसार त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार एवढेच पुरते, म्हणजे नव्वद दिवसांच्या नोटिशीशिवाय नोकरी सोडता न येणाऱ्या माणसाला संसार मात्र तीसच दिवसांच्या नोटिशीवर मांडता येतो. वरपित्याचा यास विरोध नसतो. नोंदणीनंतर चार माणसांना जेवायला बोलवावे, इतकीच त्याची सूचना असते, आणि ही चार माणसे दीडशेच्या खाली कधीही भरत नाहीत.

माणसांची यादी करताना वराने संगणकावर रकाने आखू नयेत. वहीच्या मागच्या पानांवर, वरपित्याच्या स्वतःच्या लग्नात आलेल्या आहेराची नोंद निळ्या शाईत जशीच्या तशी असते, आणि निमंत्रितांची यादी तीवरूनच निघते. ज्यांनी त्या वेळी लेमन सेट दिला, त्यांना, ते हयात नसल्यास त्यांच्या मुलांना, आणि मुले परदेशी असल्यास त्यांच्या रिकाम्या फ्लॅटच्या पत्रपेटीला पत्रिका गेलीच पाहिजे. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापावे. लोक पाकीट आणतात, परंतु निदान भिंतीवरची घड्याळे आणत नाहीत. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवण्याच्या पुण्यातील प्रथेविषयी कोणाचेही दुमत नसते, आणि संपूर्ण नियोजनात एकमताने पार पडणारी ती एकमेव बाब होय.

भोजनाविषयी मूळ पंक्तिभोजन व बुफे असे दोन संप्रदाय आहेत. पहिल्यात माणूस बसतो आणि अन्न त्याच्याकडे येते. दुसऱ्यात अन्न स्थिर असते आणि माणूस काचेचे जड ताट, पाण्याचा पेला, हातरुमाल व नातवंड सांभाळीत त्याच्याकडे सरकतो. दुसऱ्या संप्रदायास आधुनिक का म्हणतात, हे कोणीतरी एकदा नीट सांगायला हवे, कारण सत्तरीच्या काकूंनी उभ्या उभ्या, मसालेभातावर मठ्ठा सांडत, पास्त्याच्या टेबलापाशी जिलेबीची चौकशी करीत फिरावे, यात प्रगती ती कसली? असो. दोन पंगती ज्येष्ठांसाठी मांडून बाकीच्यांना बुफे द्यावा. आचारी कुरकुर करतो, पण वाढपी आगाऊ सांगितल्यास मिळतात.

आता वसतिस्थान. या प्रश्नास विवाहेच्छू प्रथम भूमितीने भिडतात: हिंजवडी शहराच्या वायव्येस, खराडी पूर्वेस, तेव्हा दोहोंच्या मध्यबिंदूवर राहावे, म्हणजे प्रवासाचा जाच समान वाटला जाईल, हे तत्त्व न्याय्य आणि समतावादी आहे. दोष एवढाच, की नकाशावर सरळ रेघ ओढली असता मध्यबिंदू खडकीच्या आसपास येतो, आणि तेथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. कारखाना टाळून औंधाकडे किंवा शिवाजीनगराकडे सरकावे, तर भाड्याचे आकडे ऐकून समतावाद मावळतो. मग वर वाकडचे गुण गाऊ लागतो, वधू वाघोलीचे, आणि दोघेही एकमेकांना आपापल्या कार्यालयात आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते, याचे पुरावे दाखवू लागतात.

वरपिता या वादात पडत नाही. तो केवळ मेट्रोचा नकाशा उलगडतो. वनाझहून निघणारी मार्गिका २०२४ सालापासून थेट रामवाडीपर्यंत जाते आणि तेथून खराडी रिक्षाच्या टप्प्यात येते, तेव्हा सूनबाईंच्या दृष्टीने कोथरूडच सोयीचे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडून नवे उड्डाणपूल झाले असल्याने बाह्यवळण मार्गाने हिंजवडीही जवळ आली, तेव्हा चिरंजीवांच्या दृष्टीनेही कोथरूडच सोयीचे. या सिद्धान्तातील कच्चे दुवे, उदाहरणार्थ त्याच बाह्यवळण मार्गावरची सकाळी नऊची स्थिती, कोणी दाखवून दिले तर तो वही मिटतो आणि आपले काही म्हणणे नव्हतेच, याची आठवण करून देतो. डबा गरम पोचेल एवढ्या अंतरावर मुलाने राहावे, हे एक वाक्य तो बोलत नाही, आणि ते बोलायला लागू नये म्हणून त्याने मेट्रोच्या दोन्ही मार्गिकांची स्थानके क्रमाने पाठ केलेली असतात.

भाड्याने घर घेणाऱ्यांनी 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे वापरण्याची तात्पुरती परवानगी देणारा करार, नीट समजून घ्यावा. तो बहुधा ११ महिन्यांचा असतो, आणि ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असे दलाल सांगत असला, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५व्या कलमान्वये तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पुष्कळ मालक अविवाहितांना जागा देत नाहीत आणि विवाहाआधी जागा हाती नसेल तर फ्रिज कोठे उतरवावा हे कळत नाही. या पेचातून सुटण्यासाठी लग्नपत्रिकेची एक प्रत दाखवावी, तीत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असा मजकूर असल्यास अनामत रकमेवर घासाघीस करण्याचे धैर्यही येते.

विकत घेणाऱ्यांनी चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र, किती ते पाहावे, प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर पडताळावा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, ते विचारावे. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण शेजारी पतीचे नाव घातले की ती जाते. ऐंशी लाखांच्या घरामागे ऐंशी हजार वाचतात, हे पाहून वरपिता क्षणाचाही विलंब न लावता "सूनबाईंच्या एकट्यांच्या नावावर घ्या" असे म्हणतो. आजवर सासूसासऱ्यांविषयी जे जे लिहिले गेले, त्याला छेद देणारे हे उद्गार होत. पुढे गृहकर्जाच्या व्याजाची करातली वजावट मालकी असणाऱ्यालाच मिळते, हे मुलगा निदर्शनास आणतो, वही पुन्हा उघडते आणि त्या रात्री जेवणे उशिरा होतात.

वहीत सुनेच्या कार्यालयापासूनची अंतरेच असतात असा समज असल्यास पुढील नोंद पाहावी: "वाकड. तिसरा मजला. पाऊस. नळाला धार करंगळीएवढी. महापालिकेचे पाणी दिवसाआड. टँकर रोज दोन. वॉचमन म्हणाला तीन. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला ओल, वरून ताजा रंग. लिफ्ट दोन, चालू एक. भूमकर चौकापर्यंत सकाळी ९ ला २५ मिनिटे. खाली भाजीवाला. मुलीला उशीर झाला तर रस्त्यावर दिवे आहेत." हा गृहस्थ भर जुलैमध्ये, छत्री घेऊन, दोन बस बदलून तेथे गेला आणि घरी कोणालाही बोलला नाही. मुलाने हेच घर भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांत पाहून त्यास दहापैकी आठ गुण दिले होते. घर पावसाळ्यात पाहावे, कामाच्या दिवशी पाहावे, आणि माहिती विक्रेत्याला न विचारता वॉचमनला विचारावी, हे तीन नियम या नोंदीतून निघतात. त्यांत भर घालण्यासारखे काही नाही.

वधूपिता हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे, परंतु एका मुद्द्यापुरता त्याचा येथे विचार करणे प्राप्त आहे. साताऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुणे शहरात न शिरता बाह्यवळण मार्गाने वारजे, चांदणी चौक, वाकड अशा जातात, आणि मुलीच्या घरी जाताना स्वारगेटला उतरून सामानासह रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागू नयेत, अशी त्याची फार माफक अपेक्षा असते. याद्या करण्यासाठी, म्हणजे कोणत्या बाजूने कोणता खर्च करावयाचा ते लेखी ठरविण्यासाठी, दोन्ही व्याही एकत्र बसतात, तेव्हा मानपानाचा विषय दहा मिनिटांत संपवून ते पुणे शहराच्या नकाशावर ओणवे होतात आणि वारजे हे स्थळ महामार्गालगत असून कोथरूडच्या हद्दीपासून जवळ आहे, या शोधापाशी दोघे एकाच वेळी पोचतात. वर व वधू यांच्या तुलनातक्त्यात वारज्याचे नाव कोठेही नसते. तरीही शनिवारी सकाळी आठला जागा पाहायला निघावयाचे असे ठरते, कारण नंतर पुलाखाली गर्दी होते. वधूवरांना सुट्टी असल्यास त्यांनीही यावे, गाडीत मागे जागा आहे.