साडेतीन स्टारांचा महाराष्ट्र

2024 सालातल्या चित्रपटांचा माझा वैयक्तिक निकाल याद्वारे जाहीर करण्यात येत आहे. तो कुणी मागितला नव्हता. पण डिसेंबर लागला की ज्याला त्याला आपापली यादी जाहीर करण्याचा मूलभूत हक्क प्राप्त होतो, आणि हक्क वापरला नाही तर त्याला गंज चढतो. फेरतपासणीचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रतही मिळणार नाही.

आधी गुणदानाची पद्धत. स्टार पाच. त्यातले प्रत्यक्ष वापरात दोनच आकडे: हिंदीला अडीच, मराठीला साडेतीन. मराठी चित्रपटाला चार दिले की लोक विचारतात, निर्माता तुमचा कोण लागतो? दोन दिले की खेकड्यांची गोष्ट ऐकून घ्यावी लागते. साडेतीनाला मात्र कुणाचीच हरकत नसते. या राज्यात मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि पेशवाईने एवढी वर्षं राज्य करून शहाणे काढले तेही साडेतीनच. त्यातले अर्धे ठरले नाना फडणवीस, कारण तलवार हे काही त्यांचं खातं नव्हतं. मराठी चित्रपटाचं नेमकं हेच आहे. डोकं आहे, मसलत आहे, कागदपत्रं चोख आहेत. शुक्रवारी सकाळी रणांगणात उतरायची वेळ आली की तेवढी तलवार सापडत नाही.

वर्षाची सुरुवात दणक्यात झाली. 5 जानेवारीच्या एकाच शुक्रवारी 'ओले आले', 'पंचक' आणि 'सत्यशोधक' असे तीन मराठी चित्रपट एकदम लागले. एकात नाना पाटेकर, दुसऱ्याच्या मागे निर्माती म्हणून माधुरी दीक्षित, तिसऱ्यात साक्षात महात्मा फुले. यातल्या कुणाचंही मन दुखवणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी घरीच बसलो आणि तिघांनाही साडेतीन-साडेतीन देऊन टाकले. मराठी निर्मात्यांनी आपसात बोलून शुक्रवार वाटून घ्यावेत, अशी सूचना दरवर्षी कुणीतरी करतो. वर्षात शुक्रवार बावन्नच असतात आणि त्यातले निम्मे हिंदी सुपरस्टारांनी आधीच रुमाल टाकून अडवलेले असतात, हे तो सोयीस्करपणे विसरतो.

महाराष्ट्रदिनी पुन्हा तोच पेच. 1 मे रोजी 'नाच गं घुमा' आणि 'स्वरगंधर्व सुधीर फडके' समोरासमोर. एकीकडे कामवाल्या ताई, दुसरीकडे बाबूजी. दोन्ही गोष्टींवाचून मराठी मध्यमवर्गाचा दिवस उजाडत नाही. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली आणि ती संपायच्या आत आमच्या कामवाल्या मावशी सुट्टी टाकून, लेकीला घेऊन 'नाच गं घुमा' बघून आल्या. भांडी मी घासली. दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्या उभ्या त्यांनी परीक्षण सांगितलं: "चांगलाय की. बायांनी काम झकास केलंय. पण दादा, त्यांच्याकडं भांडी लई कमी हायेत." परेश मोकाशींच्या पटकथेवर वर्षभरात मी जेवढं वाचलं, त्यात एवढं मर्मावर बोट ठेवलेलं काही नव्हतं. मावशींनी स्टार दिले नाहीत. त्यांनी तिकीट काढलं होतं, त्यामुळे त्यांना स्टार द्यायची गरज नव्हती.

आमची गोष्ट वेगळी. आम्ही मराठी चित्रपटाला स्टार देतो ते दारावर आलेल्याला सुटे पैसे द्यावेत तसे. आतून आवाज देतो, बरं चाललंय ना, आणि दार लावून घेतो. शासनही याच भावनेने चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. आम्ही दर्जा ठरवतो, फक्त पुढचं अनुदान तेवढं देत नाही. तिकीटबारीवर अडचण असते ती वेळेची. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगितलं की मराठीला प्राइम टाइम द्या. आधी संध्याकाळी सहा ते नऊ ठरलं होतं. मग आरडाओरड झाली, वाटाघाटी झाल्या आणि दुपारी बारा ते रात्री नऊ हा प्राइम टाइम ठरला. नऊ तासांचा प्राइम टाइम जगात दुसऱ्या कुठल्या भाषेच्या नशिबी असेल असं वाटत नाही. त्यात दुपारी सव्वाबाराचा शो अगदी नियमात बसतो. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला जो थिएटरात पोचू शकतो, तो एकतर निवृत्त असतो नाहीतर नुकताच नोकरीवरून काढलेला. पहिल्याला तिकीट महाग वाटतं, दुसऱ्याला ते खरोखरच महाग असतं.

आता अभिनेत्याचा पुरस्कार. हा एक विभाग मी गंभीरपणे घेतला आहे. वर्षाचा हीरो: छाया कदम. मार्चच्या पहिल्या तारखेला त्या 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहाची टपरी टाकून मंजू माई म्हणून बसल्या. त्याच महिन्यात 'मडगाव एक्सप्रेस'मध्ये कंचन कोंबडी झाल्या. मे महिन्यात पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'बरोबर कान महोत्सवाला गेल्या, आईची साडी आणि नथ घालून, आणि त्या चित्रपटाने तिथला ग्रां प्री पुरस्कार आणला. त्यात त्या मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबणारी पार्वती आहेत. घराची कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. मग एका रात्री ती आणि नर्स प्रभा, दोघी मिळून त्या बिल्डरच्या टॉवरच्या भल्यामोठ्या होर्डिंगवर दगड भिरकावतात आणि हसत सुटतात. भाषण नाही, मोर्चा नाही, पार्श्वसंगीताचा गदारोळ नाही. दोन बायका, चार दगड. लालबाग-परळचं गेल्या चाळीस वर्षांत काय झालं यावर मराठीत नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, परिसंवाद तर विचारू नका. त्या सगळ्यांच्या शेजारी हे दृश्य ताठ मानेने उभं राहील.

हा चित्रपट आपल्याकडे लागला 22 नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी विधानसभेचा निकाल होता, त्यामुळे महाराष्ट्राचं लक्ष त्या दिवशी दुसऱ्याच सिनेमाकडे होतं. ऑस्करला तर तो आधीच नापास झाला होता: आपल्या निवड समितीने, जिच्यात तेरा पुरुष होते, 'लापता लेडीज' पाठवला. पायलबाईंचा चित्रपट म्हणे भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटत होता. त्या चित्रपटात पार्वती निघून जाते ती रत्नागिरीकडे. रत्नागिरी युरोपात आहे हे हापूसच्या भावावरून वाटलं होतं, पण अधिकृत खुलासा प्रथमच झाला.

17 डिसेंबरला 'लापता लेडीज'ही ऑस्करच्या यादीतून बाहेर पडला. यादीत राहिले ते चित्रपट बघा. उत्तर भारतात घडणारा, हिंदी बोलणारा 'संतोष' ब्रिटनतर्फे. तेहरानमधल्या कुटुंबावरचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' जर्मनीतर्फे. मेक्सिकोतल्या गुन्हेगारावरचा स्पॅनिश 'एमिलिया पेरेझ' फ्रान्सतर्फे. आपल्याच देशाकडून ऑस्करला जायची फॅशन गेली असावी. मराठी निर्मात्यांनी वेळीच लक्झेंबर्गशी बोलून ठेवावं.

इथे जरा रसिकतेचं खातं सांभाळू. यादीत एक इराणी आणि किमान दोन मल्याळम चित्रपट नसतील तर ती यादी धरली जात नाही. 'मंजुम्मेल बॉइज' आणि 'आट्टम' बघितले नाहीत असं म्हणणाऱ्याला पुण्यात सध्या भाड्याने घर मिळत नाही. जानेवारीत इथे चित्रपट महोत्सव असतो तेव्हा रांगेत गळ्यात ओळखपत्र अडकवून उभं राहायचं आणि पुढच्याला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायचं, "मागच्या वर्षीचं सिलेक्शन जास्त बरं होतं." मागच्या वर्षीही हेच म्हटलेलं असतं. सबटायटल्स वाचत पाहिलेल्या चित्रपटाला अर्धा स्टार आपोआप वाढतो, कारण वाचनाची मेहनत. माझं प्रामाणिक मत विचाराल तर 'आट्टम' हा वर्षातला सगळ्यात हुशारीने लिहिलेला सिनेमा. एका नाटक मंडळीतले बारा पुरुष एका बाईवर झालेल्या अन्यायाचा निवाडा करायला बसतात आणि प्रत्येकाचं मत त्याच्या फायद्याच्या बाजूने कसं सरकत जातं, ते बघून मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सोडून दुसरं काही सुचेना.

भुतांच्या विभागात कोकणाची सरशी झाली. 'मुंज्या' हिंदी, पण दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि भूत अस्सल आपलं. 'तुंबाड'ची गोष्ट त्याहून बोधप्रद. हा चित्रपट 2018 साली आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला चार-चार स्टार दिले, एकमेकांना फोन करकरून सांगितलं, आणि थिएटरात मात्र कुणी गेलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लावला तर आधीच्यापेक्षा जास्त कमावून गेला. म्हणजे मराठी मातीतल्या चित्रपटाला प्रेक्षक मिळतो. फक्त निर्मात्याला सहा वर्षं कळ काढता आली पाहिजे.

आदिनाथ कोठारेंच्या 'पाणी'ला जवळपास तेवढीच कळ काढावी लागली. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात पाणी आणणाऱ्या तरुणाची ही खरी कहाणी. राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला 2019 साली, थिएटरात आगमन ऑक्टोबर 2024 मध्ये. कुठल्या वर्षाच्या यादीत धरायचा हा प्रश्न मला पडला होता. पण मराठवाड्यात पाणी जाहीर होतं एका वर्षी आणि पोचतं दुसऱ्याच वर्षी, तेव्हा वास्तववादाचा पुरस्कारही त्यालाच.

'धर्मवीर 2' 27 सप्टेंबरला आला. ज्यातलं एक प्रमुख पात्र त्या दिवशी प्रत्यक्ष मुख्यमंत्री होतं, अशा चित्रपटाला स्टार द्यायचे की मत, हे कळेना. तीन दिले. अर्धा पुढच्या भागासाठी आगाऊ.

'पुष्पा 2'ची लांबी तीन तास वीस मिनिटं. तेवढ्या वेळात डेक्कन क्वीन मुंबईहून निघून पुण्याला लागते आणि वाटेत कटलेटही मिळतं. अडीच.

20 सप्टेंबरचा उल्लेख मात्र राहता कामा नये. त्या दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून मल्टिप्लेक्समध्ये तिकीट 99 रुपये होतं आणि त्याच दिवशी 'नवरा माझा नवसाचा 2' लागला. सचिन पिळगावकरांनी आधीच्या भागात एसटीने नेलेला नवस या वेळी कोकण रेल्वेने नेला. मी सहकुटुंब गेलो. घरून निघताना आमच्या काकूंनी विचारलं, "कसा आहे रे पिक्चर?" म्हटलं, "काकू, नव्व्याण्णव रुपये आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, चप्पल घातली. आत गेल्यावर पॉपकॉर्नच्या काउंटरवर मात्र कुठलाही राष्ट्रीय दिन साजरा होत नव्हता.

आणि पॉपकॉर्नचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वर्षातलं सर्वांत काटेकोर गुणदान कुठल्याही समीक्षकाने केलेलं नाही. ते 21 डिसेंबरला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेने केलं. मीठ-मसाला लावलेलं सुटं पॉपकॉर्न: 5 टक्के. तेच पाकिटात भरून लेबल लावलं की तेव्हा 12 टक्के. कॅरमल लावलं की 18 टक्के, कारण मग ते मिठाईत मोडतं. गुळमुळीतपणा नाही, 'एकदा बघायला हरकत नाही' नाही, साडेतीन नाही.

हीच पद्धत मराठी चित्रपटांना लावावी, असा अर्ज मी तयार केला आहे. सुटा, जागच्या जागी सुचलेला विनोद: 5 टक्के. टीव्हीवरच्या कार्यक्रमातून पाकीटबंद करून आणलेला: 12. शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्या पात्रांना एका खोलीत जमवून, आईच्या फोटोसमोर रडवून, वरून साखरेचा पाक ओतलेला: सरळ 18. एका दिवाळीत राज्याचं कर्ज फिटायला हरकत नसावी. अर्जाला वर्षभरात पाहिलेल्या मराठी चित्रपटांच्या तिकिटांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या आहेत. आतापर्यंत नव्व्याण्णव रुपयांचं एक सापडलं आहे.