रस्त्याची एकसष्टी

आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचा नंबर २२२ होता, तोवर माझी मान ताठ होती. ओळीनं तीन दोन! लॉटरीच्या तिकिटावर असते तर लोकांनी देवापुढे ठेवले असते. मी व्हिजिटिंग कार्डावर पत्ताच छापून घेतला : 'राष्ट्रीय महामार्ग क्र. २२२ लगत, पाथर्डी'. कार्डं ५००. वाटली १२. तेवढ्यात २०१० साली दिल्लीनं देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले आणि आमचा झाला ६१. उरलेल्या कार्डांच्या पाठीवर बायको अजून किराण्याची यादी लिहिते.

दुःख गिळायची माझी एक रीत आहे. ज्यानं दुखवलं त्याच विषयात विद्वान व्हायचं. मी नंबरांचा अभ्यास केला आणि सलूनमध्ये प्रवचन सुरू केलं. विषम नंबर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना, आणि उत्तरेकडून दक्षिणेला यावं तसा आकडा चढतो. वर धुळे-जळगावचा ५३, मधे आपला ६१, खाली सोलापूरचा ६५. सम नंबर दक्षिणोत्तर, ते पूर्वेकडून पश्चिमेला चढतात. बीडवरून जातो तो ५२, पुणे-नाशिक ६०, कोकणातला ६६, म्हणजे पूर्वीचा १७. श्रीनगर-कन्याकुमारी ४४ तर सात जुन्या महामार्गांचे तुकडे जोडून केलाय. आणि तीन आकडी नंबर म्हणजे फाटे. शेवटचे दोन आकडे थोरल्या घराण्याचे, पुढचा आकडा शाखेचा. अगदी आपल्या भाऊबंदकीसारखं!

कारागिरानं वस्तरा गालावरून उचलला. "सर, नंबराचं कळलं. पण ह्यो आपला रस्ता व्हायचा कधी?"

यावर माझ्याकडे सम-विषम कुठलंच उत्तर नव्हतं. कल्याणहून निघून माळशेज चढायचा, आळेफाटा, नगर, पाथर्डी, परभणी, नांदेड करत तेलंगणात निर्मलच्याही पुढे जायचं, एवढा मोठा हा रस्ता. आणि आमच्या वाट्याला त्याची खडी नि फुफाटा आला, तोही वर्षानुवर्षं. इकडे त्याला कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात. विशाखापट्टणम पाहिलेला माणूस मला पाथर्डीत अजून भेटायचाय. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी गाडीशेजारी उभा राहून कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडतो. त्याला दोन्ही नावांत ते सापडतं.)

त्यातच माझी एकसष्टी आली. महामार्ग ६१ आणि मालक ६१, असा योग पुन्हा कुठला? पत्रिकेत कार्यस्थळ म्हणून मी ठसठशीत छापलं : 'राष्ट्रीय महामार्ग ६१ लगत'. मुलगा म्हणाला, "दादा, नुसतं पाथर्डी लिहा." ऐकतो कोण!

आक्का आणि दाजी परभणीचे. त्यांच्या गावातून निघणारा रस्ता तोच, माझ्या दारात येणारा रस्ताही तोच. पण आजवर ते एसटीनं यायचे, या खेपेला भाच्याची नवी गाडी. दाजींचा मोबाईलवर विश्वास नाही, छापील मजकुरावर फार. खरवंडी कासारला बरोबर रस्त्यावरचा जुना दगड २२२ सांगत होता, आणि फाट्यावरच्या कोऱ्या पाटीवर होतं ३६१ एफ. दाजी म्हणाले, "एकसष्ट दिसतंय त्यात, घे आत." गाडी बीडच्या दिशेला लागली.

फोन लागेना. अंधार पडला. आमच्या गल्लीतली दोन माणसं या रस्त्यानं खाल्लीत, त्यामुळे उशीर झाला की इथे कुणी घड्याळ बघत नाही, सगळे रस्त्याकडे बघतात. मी नवं धोतर सावरत नाईक चौकात जाऊन उभा राहिलो.

दसरा होऊन गेलेला. ऊसतोडीला निघालेल्या ट्रका एकामागून एक चालल्या होत्या. एक पंक्चर काढायला थांबली. वर सरपण, पत्र्याच्या पेट्या, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर तान्हं मांडीवर घेऊन बसलेली एक पोर. माझ्या धाकटीच्या वयाची असेल.

"कुठं चाललात बाई?"

"कारखान्याला."

"कोणत्या?"

"मुकादमाला ठावं." मग तिनंच विचारलं, "आजोबा, इथं प्यायला पाणी मिळंल का?"

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा यांचा हिशेब. उचल किती घेतली तो आकडा तेवढा पाठ. रस्त्याचा नंबर तिला विचारायची माझी छाती झाली नाही. टपरीवरून बाटली भरून दिली. ट्रक हलली, तशी तिनं पदर बाळाच्या तोंडावर ओढून घेतला. पुढे धूळ आहे हे तिला ठाऊक होतं.

नऊच्या पुढे भाच्याची गाडी आली. ओवाळायचे दिवे केव्हाच विझले होते. दाजी पत्रिका हातात धरूनच उतरले, पुरावा म्हणून. आक्कानं आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, "एकसष्ट वर्षांचा झालास, पण साधा पत्ता सांगता येईना तुला."

तुम्ही कधी इकडे आलात तर जरूर घरी या. नाईक चौकात उतरून कुणालाही विचारा, आणून सोडतील. फक्त मला फोन करून रस्ता विचारू नका.