एफपर्यंतचा गिटारिस्ट

हा प्राणी साधारण तिशीचा, आयटीतला, आणि दिवाळीच्या बोनसवर गिटार घेतलेला असतो. घ्यायची होती साधी चार-पाच हजारांची. पण दुकानदार म्हणाला, "सर, सुरुवातीलाच हलकं वाद्य घेतलं की शिकायचा उत्साह जातो." उत्साह जाऊ नये म्हणून ह्याने दुप्पट पैसे घातले. वर कॅपो, ट्यूनर, स्टँड, पट्टा आणि डझनभर पिक. पहिला आठवडा तो गिटार वाजवत नाही, पुसतो.

मग जी, सी, डी, ई मायनर येतात आणि स्वारी हवेत जाते. सोसायटीच्या कोजागरीला "वाजव ना रे!" असा आग्रह होतोच. तो ‘नीले नीले अंबर पर’ची सुरुवात वाजवतो. १९८३ च्या ‘कलाकार’मधलं हे गाणं आपल्याकडच्या प्रत्येक शिकाऊ गिटारिस्टचं गणपतीस्तोत्र आहे. ह्याला फक्त सुरुवातच येते; ह्याच्या गिटारवर पुढचं गाणं सोसायटीत कोणी ऐकलेलं नाही. दुधाचे पेले येतात आणि सुटका होते. दोघांचीही.

बोटांचं कौतुक तर विचारू नका. स्टीलच्या तारांनी टोकं आधी सोलवटतात, मग घट्टे पडतात. हे घट्टे तो भेटेल त्याला दाबून बघायला लावतो. ऑफिसातलं हजेरीचं मशीन आता आपलं बोट ओळखत नाही, असंही अभिमानाने सांगतो. मशीन उजवा अंगठा घेतं आणि घट्टे डाव्या हाताला आहेत, हे त्याला सांगण्याचं धाडस कोणी करत नाही.

आणि मग एफ येतो.

एफ म्हणजे पहिल्या बोटाने पहिल्याच फ्रेटवर सहाही तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी वर कॉर्डचा आकार धरायचा. नेमका तिथेच, नटच्या शेजारी, जोर सगळ्यांत जास्त लागतो. ह्याने छेडल्यावर दोन तारा वाजतात, बाकीच्या ‘ठक्क’ म्हणतात. क्लासचे सर सांगतात, "बोट जरा कडेवर फिरव, अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेव, कोपर पोटाकडे घे." हा पाच मिनिटं करतो आणि मग संशोधनाला बसतो.

इथून पुढे त्याचा खरा रियाज सुरू होतो, फक्त गिटारशिवाय. "मोटिव्हेशन कसं टिकवावं" ह्यावरचे व्हिडिओ तो रात्री एकपर्यंत बघतो. सरावाचं एक्सेल करतो. त्यात रंग आहेत, फॉर्म्युले आहेत, आलेखही आहे. फक्त सराव नाही. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली, तरी तो उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायचा, ही कथा तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो. सांगताना स्वतःची चारही धडधाकट बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवलेली असतात. जुलैत म्हणतो, "हवा दमट आहे, लाकूड फुगतं." हे खरंच आहे. पण मग जानेवारीत काय होतं, ते विचारायचं नाही.

"त्यापेक्षा पेटी शिकला असतास," आई म्हणते, "निदान आरतीला तरी उपयोग झाला असता."

समोरच्या विंगेतली आठवीतली मुलगी त्याच क्लासला जाते. तिच्याकडे एक्सेल नाही, घट्ट्यांचं प्रदर्शन नाही. गिटारसुद्धा मामाची जुनी. रोज संध्याकाळी, आईचा कुकर होईपर्यंत, तिच्या खिडकीतून तेच ठक्क, ठक्क. शेजारी वैतागले. ती एकदा रडलीही म्हणे. दुसऱ्या दिवशी परत ठक्क. असं महिनाभर चाललं आणि मग एका संध्याकाळी कुकरच्या शिट्टीआधी सहाही तारा वाजल्या.

"लहान वय आहे, बोटं लवचिक असतात," आमच्या गिटारिस्टने निदान केलं. आपली अडचण वाद्याची आहे, हेही त्याच रात्री त्याच्या लक्षात आलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात, मानेपासून फार उंच नसतात, दाबायला सोप्या. ऑर्डर गेली आहे. शुक्रवारी येईल.

तेव्हा सध्याची गिटार विकायला आहे. गरजूंनी संध्याकाळी सातनंतर भेटावे. घासाघीस करू नये; मालक भावुक आहे.