क्राउड चांगला आहे

पुण्याच्या पश्चिम भागात घर घेताना माणूस पाण्याची चौकशी करतो आणि शाळा बघताना क्राउडची. पाण्याचा प्रश्न बिल्डर टोलवतो. क्राउडचं उत्तर मात्र शाळा हसत देते. “क्राउड एकदम चांगला आहे सर, सगळे आयटी पेरेंट्स आहेत.” शिक्षक कोण, ते किती वर्षं टिकतात, गणिताच्या बाई एकाच वर्षात दोनदा का बदलल्या, हे विचारणारा पालक अजून बालेवाडीच्या ट्रॅफिकमधून सुटायचा आहे.

आमच्या सोसायटीत माणसांना आडनावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत. त्यातल्या ६०४ कडे जुळी आहेत. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही आठवीत. सीबीएसई, आयसीएसईची नोंदणी नववीत होते, त्यामुळे ज्यांना बोर्ड बदलायचं असतं त्यांची आठवीच्या दिवाळीपासून झोप उडते. स्टेट बोर्डात मार्क मिळतात, सीबीएसईत जेईई मिळते, आयसीएसईत इंग्रजी मिळतं आणि आयबीत परदेश मिळतो, असा ढोबळ हिशेब लिफ्टमध्ये फुकट मिळतो. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकं वाचूनच लिफ्टमधले निम्मेअधिक लोक या मजल्यापर्यंत पोचले, हे लिफ्टमध्ये बोलायचं नसतं.

जुळ्यांमुळे एक अट आपोआप ठरली. शाळा को-एड हवी. दोन शाळा म्हटलं की दोन बस, दोन पालकसभा आणि गणवेशाची दोन दुकानं. पण ‘सोयीचं पडतं’ असं कारण सांगितलं तर पालकांची उंची कमी होते. म्हणून ६०४ ने वजनदार कारण शोधलं. एक्स्पोजर.

“आमच्या शाळेत नुसत्या मुलीच होत्या,” ६०४ च्या आजी म्हणाल्या. त्या हुजूरपागेच्या. “कुणाचं काही बिघडलं नाही.”

“आई, तो काळ वेगळा होता,” सूनबाई म्हणाल्या.

“होता ना. फी भरायला एफडी मोडावी लागत नव्हती.”

आजींना शाळेच्या टूरला न्यायचं नाही आणि मला सोबत न्यायचं, असं ठरलं. अर्थात त्या आल्याच.

वाचकांच्या माहितीसाठी सांगायला हवं, की मुलामुलींनी एकत्र शिकण्याची कल्पना बाणेरला कॅम्पस झाल्यावर सुचलेली नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केलं आणि मुलींना मुलांचंच शिक्षण द्या, तेही मुलांच्या बरोबरीने एकत्र द्या, असं याच पुण्याला सांगितलं. पुण्याने या सुधारकाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. शाळेच्या ब्रोशरमध्ये तोच विचार आता तिसऱ्या पानावर आहे, हॉर्स रायडिंगच्या खाली आणि एसी बसच्या वर. समाजसुधारणेचा विजय झाला की ती सुविधांच्या यादीत जाते.

टूरची सुरुवात घोड्यापासून झाली. घोडा एकच होता आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक शनिवारी पालक बघून आलेला कंटाळा होता. ब्लेझर घातलेली ॲडमिशन काउन्सेलर त्याच्याविषयी इतकं भरभरून बोलली, की आठवड्यातून एक तास विज्ञान तोच घेतो की काय असं वाटावं. आजींनी चष्मा वर केला. “आमची शाळा होती ती पेशव्यांची पागा. घोडे गेले आणि पुढे तिथे मुलींना आत घेतलं. तुम्ही पुन्हा घोडे आत आणलेत होय?” काउन्सेलरला हे हेरिटेज वाटलं. तिने नोंद करून घेतली.

मग पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स लॅब, आणि लायब्ररीसमोरचं बंद दार. लायब्ररी ‘अपग्रेड’ होत होती. तलाव मात्र भरलेला होता, कारण पाण्याची चौकशी करणारे पालक तेच असतात.

यानंतर मुख्य विषय निघाला. ६०४ च्या साहेबांनी घसा साफ केला. “आमचा मुलगा जरा बुजरा आहे. मुलींशी मोकळेपणाने बोलायला शिकेल ना इथे?”

“ॲब्सोल्यूटली सर. वी आर फुल्ली को-एड.”

“आणि आमची मुलगी,” साहेब पुढे म्हणाले, “म्हणजे, मुलं उगाच बोलायला वगैरे येत नाहीत ना?”

काउन्सेलरने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. “काळजीच करू नका सर. को-एड आहोत, पण मुलं-मुली मिक्स होत नाहीत.”

दोन्ही उत्तरांनी साहेबांचं पूर्ण समाधान झालं. त्यांचा मुलगा नेमका कुणाच्या मुलीशी मोकळेपणाने बोलणार, हा प्रश्न बहुधा दुसऱ्या सोसायटीवर सोडलेला होता.

मिक्स न होण्याची व्यवस्था पाहण्यासारखी होती. मुलींचा जिना पूर्वेला, मुलांचा पश्चिमेला. वर्गात डाव्या रांगा मुलींच्या, उजव्या मुलांच्या, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून शिक्षक फिरणार. बसमध्ये मुली पुढे, मुलं मागे. डब्याची टेबलं वेगळी. मैदानावर मुलांना फुटबॉल, मुलींना थ्रोबॉल. कुणी कुणाला पेन मागितलं तर डायरीत शेरा, तीन शेऱ्यांना पालकांना बोलावणं. वर्षातून एकदाच, स्नेहसंमेलनात, सगळ्यांना जोडीने नाचवतात, कारण ब्रोशरला फोटो लागतो. ब्रोशरचं तिसरं पान मी पुन्हा उघडून बघितलं. फोटो नाचाचाच होता.

“यापेक्षा आमची शाळा बरी,” आजी पुटपुटल्या. “एकच जिना होता आणि सगळा आमचा होता.”

एकत्र वाढणाऱ्या मुलामुलींसाठी खरं काम करायला सरकारने काही कागद काढलेले नाहीत, असं नाही. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी, असा शासन निर्णय २०२२ मध्ये निघाला. समिती कधी बसते, त्यात पालक कोण आहेत, मुलींना ती ठाऊक आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी शाळेचा अर्धा अंदाज येतो. मी विचारलं. काउन्सेलर म्हणाली, “सावित्री मॅम लीव्हवर आहेत.”

मग फीचा कागद आला. बिल्डरकडे जसा कार्पेट एरिया वेगळा आणि सुपर बिल्टअप वेगळा, तशीच ही फी होती. ट्यूशन फी म्हणून जो आकडा फोनवर सांगितला होता तो कार्पेट. त्यावर टर्म फी, ॲक्टिव्हिटी, डिजिटल, लॅब, फील्ड ट्रिप, बस, आणि शाळेच्याच दुकानातून घ्यायचा चार प्रकारचा गणवेश. त्यात बुधवारचा पांढरा बूट वेगळा. बसच्या ओळीखाली वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर असं ठळक छापलं होतं. संध्याकाळी या रस्त्यावर ही अट पाळायला ड्रायव्हरला काहीच करावं लागत नाही.

महाराष्ट्रात फी नियमनाचा कायदा २०११ चा आहे. त्यानुसार दरवर्षी पालक-शिक्षक संघ झाला पाहिजे, त्यातून कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली पाहिजे, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. साहेबांनी समितीविषयी विचारलं. “आहे ना सर, खूप ॲक्टिव्ह आहे. गेल्या वर्षी ॲन्युअल डेचं डेकोरेशन त्यांनीच केलं.” चिठ्ठ्या कधी टाकल्या, हे विचारेपर्यंत कॉफी आली. कॉफी चांगली होती. कायद्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत चांगल्या कॉफीचा नंबर बराच वरचा लागतो.

पुढची पायरी इंटरॅक्शन. शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला त्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. म्हणून इंटरव्ह्यू हा शब्द शाळांनी टाकून दिला. खरं तर नववीपर्यंत येता येता त्या कायद्याचीच हद्द संपते आणि इथे उघड इंटरव्ह्यू घेतला असता तरी चाललं असतं, पण सवय म्हणून इंटरॅक्शनच झाली. साहेबांना कंपनी विचारली, बाईंना डेझिग्नेशन विचारलं, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा ते विचारलं, सुट्टीत कुठे जाता ते विचारलं. जुळ्यांना त्यांचा आवडता रंग विचारला. दोघंही चौदाच्या घरातली. मुलगी म्हणाली, “काळा.” काउन्सेलरने तिच्या नावापुढे ‘काउन्सेलिंग’ असं लिहिलं.

इथे माझ्या ध्यानात आलं, की पालक क्राउड तपासत होते आणि त्याच वेळी शाळा त्यांना क्राउड म्हणून तपासत होती. दोघांनाही एकच माल हवा होता आणि दोघंही तो एकमेकांकडूनच घेणार होते. शिक्षक या सौद्यात कुठे बसतो, तर स्टाफरूममध्ये.

शेवटी बाईंनी आवाज खाली आणला. इतका वेळ त्या याच प्रश्नापाशी घुटमळत होत्या. “ते… आरटीईची मुलं असतात का हो वर्गात?”

“आठवीपर्यंत, मॅडम. कायद्याने घ्यावीच लागतात. नववीपासून नाही.”

“नाही, म्हणजे आमचं काही नाही,” बाई म्हणाल्या. “सहज विचारलं.”

या सहज विचारण्यामागे मोठा इतिहास आहे. खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हे त्याच शिक्षणहक्क कायद्याचं कलम. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये उचलून धरलं. या मुलांची फी सरकार शाळांना देतं, दर ठरलेला असतो आणि पैसे वेळेवर येत नाहीत ही शाळांची तक्रार खोटी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेची या २५ टक्क्यांतून सुटका. शहरात एका किलोमीटरमध्ये एखादी तरी सरकारी शाळा निघतेच. बंद पडायला आलेल्या शाळांचा सरकारला एकदम असा उपयोग सापडला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि क्राउड पुन्हा धोक्यात आला.

पण कायदा सहा ते चौदा वर्षांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. आठवीचा निकाल लागला की त्या मुलांच्या घरी पूर्ण फीचं पत्र जातं. धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाने लाखाच्या वरची फी नववीपासून भरावी, अशी अपेक्षा. आठ वर्षं त्याच बाकावर बसलेलं, त्याच बाईंचा मार खाल्लेलं, वर्गातल्या सगळ्यांची टोपणनावं पाठ असलेलं पोर जूनमध्ये दुसऱ्या शाळेच्या दारात उभं राहतं. तेही बोर्डाच्या नोंदणीच्या वर्षी.

“आणि नववीला जागा आहेत?” साहेबांनी विचारलं.

“आहेत ना सर. दर वर्षी नववीत काही सीट्स ओपन होतात.”

कशा ओपन होतात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. कॉफीचा दुसरा कप आला होता.

६०४ ने दोन्ही सीट्स त्याच दुपारी घेतल्या. भावंडांना सवलत मिळते का, हे विचारून घेतलं. मिळाली, पण फक्त ट्यूशन फीवर. पांढऱ्या बुटावर नाही. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला, ‘फायनली डन! क्राउड चांगला आहे.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आपल्या लिफ्टमधली तीन मुलं तिथेच आहेत, असं ३०२ ने कळवलं. म्हणजे एक्स्पोजरसाठी बारा किलोमीटर जाऊन जुळी पुन्हा आपल्याच लिफ्टमध्ये बसणार. मुलगा उजव्या रांगेत, मुलगी डाव्या.

आगरकर मुलगा-मुलगी या एका भिंतीशी भांडले. आपण ती भिंत ब्रोशरमध्ये पाडली, जिन्यात पुन्हा बांधली, आणि शेजारी दुसरी उभी केली. तिची उंची पॅकेजवर ठरते आणि ती कुठल्याच टूरमध्ये दाखवत नाहीत, कारण पालक ती दाखवायची गरज पडू देत नाहीत.

आता फी जास्त वाटली, तर उपाय आहे. फी नियमनाच्या कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने तक्रारीचा रस्ता ठेवला आहे, मात्र त्यासाठी २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. साहेबांनी ग्रुपवर विचारून बघितलं. ३०२ म्हणाले, आमच्या मुलाला त्रास नको. ९०१ म्हणाले, आम्ही ट्रान्स्फरवर आहोत. बाकीच्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला. २५ टक्के गरीब मुलं या शाळांना चालत नाहीत आणि २५ टक्के श्रीमंत पालक जमत नाहीत. तेव्हा फी पुढच्या वर्षी वाढेल. क्राउड आणखी चांगला होईल.