लोअरवाला

लोअरवाला, अर्थात गाडीच्या स्प्रिंगा आखूड करून ती खाली, जमिनीलगत बसवणारा, हा साधारण १९ ते २७ या वयातला तरुण असून त्याच्याकडे स्वतःची, म्हणजे वडिलांच्या नावावरची, छोटी मोटार असते. पहिली पसंती मारुती स्विफ्टला. तीही वापरलेली, कारण नवी कोरी गाडी कापायला कोणतेच वडील देत नाहीत. महाराष्ट्रात तो सगळीकडे सापडतो. पण अहिल्यानगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात त्याचे पीक विशेष जोमदार येते. राहाता तालुक्यातले पुणतांबा हे त्याच्या अभ्यासाला सोयीचे गाव आहे. गोदावरीचा काठ आहे, दौंड–मनमाड लोहमार्ग आहे, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो, आणि गाडी खाली करायला याहून प्रतिकूल जमीन शोधूनही मिळणार नाही.

काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. गाळप हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून ट्रॅक्टर त्याच रस्त्याने निघतात आणि डांबरात खाचा पाडतात. जिथे पाटपाण्याची चारी रस्ता ओलांडते तिथे खाली नळ्या आणि वर उंचवटा. त्यातून बरीच कुटुंबे गावठाणात नव्हे, मळ्यातल्या वस्तीवर राहतात. डांबरी सोडून वस्तीकडे वळले की गाडीवाट लागते: दोन्ही चाकोऱ्या खोल, मधला पट्टा उंच, त्यावर हराळी, आणि हराळीखाली नेमका एखादा धोंडा. अशा ठिकाणच्या माणसाने गाडी उंच करून घेतली असती तर कुणी नावे ठेवली नसती.

गाडी खाली करण्याचे मार्ग तीन. पहिला, शॉकअपसकट उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर संच बसवणे. त्याच्या किमतीत एक बरी म्हैस येते, त्यामुळे हा मार्ग मोबाइलवर बघण्यापुरता राहतो. दुसरा, खास बनवलेल्या आखूड लोअरिंग स्प्रिंगा. तिसरा मार्ग ग्राइंडरचा, आणि बहुतेक लोअरवाले याच मार्गाने जातात. गॅरेजवाला आधी समजावून सांगतो, ते त्याचे कर्तव्य. मग ग्राइंडरची वायर लावतो, तो त्याचा धंदा.

“दादा, एक येढा काढू का दीड?”

“दीड काढ. बसली पाह्यजे गाडी.”

ठिणग्या उडतात, तोडलेला वेढा खाली पडतो, आणि लोअरवाला गरम असतानाच तो उचलायला जाऊन बोट भाजून घेतो. गाडी जॅकवरून उतरली की तो चाक आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत बोटे घालून बघतो. चार मावली तर काम फसले, दोन मावली तर जमले.

स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतून दीड काढला तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने ताठ होते. म्हणजे गाडी खालीही बसते आणि कडकही होते. शॉकअप मात्र कंपनीने मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने दिलेला असतो. त्याच्या दांड्याला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. तो रबरी ठोकळ्यावर आपटत राहतो आणि काही महिन्यांत तेल गाळू लागतो. उंची बदलल्याने चाकांचा कोनही बदलतो, आणि अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. बाहेरून नक्षी शाबूत दिसते, आतून तारा बाहेर आलेल्या असतात. लोअरवाला टायर बाहेरूनच बघतो.

आता गतिरोधक. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर वर होते. दोन इंच खाली केल्यावर उरतात १२०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. एवढ्या रुंद उंचवट्यावर स्विफ्टची चारही चाके एकदम चढतात, आणि तिच्या पोटाखाली जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरचा फुगवटा येतो. म्हणजे शास्त्रोक्त गतिरोधकावरून खाली केलेली गाडीही सुखाने जाईल. पण गावातला गतिरोधक शास्त्र वाचून घातलेला नसतो. शाळेपुढे, मंदिरापुढे आणि ज्याच्या दारात एकदा कोंबडी मेली त्याच्या घरापुढे उरलेले डांबर ओतून तो तयार होतो: दीड हात रुंद आणि चांगला पाच-सहा इंच उंच. त्याची उंची पोटाखाली पुरीच्या पुरी येते.

म्हणून लोअरवाल्याने स्वतंत्र चालनपद्धती विकसित केली आहे. गतिरोधक दिसला की तो गाडी थांबवतो, गाणे मात्र चालू ठेवतो. मागे बसलेले दोघे मित्र न सांगता उतरतात. एक पुढे जाऊन वाकतो आणि हात हलवतो: “ये... ये... थांब! तिरपी घे!” गाडी तिरपी होते, एकेक चाक चढते, कुठूनतरी खर्रर्र असा आवाज येतो, तिघेही दात-ओठ खातात. तोवर मागे एसटी येऊन उभी राहिलेली असते आणि कट्ट्यावरच्या मंडळींनी तंबाखू मळायचे थांबवलेले असते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वेगासाठी गाडी खाली करतात असे लोअरवाला सांगतो आणि घरचे तसे मानतात. शर्यतीच्या सपाट रस्त्यावर ते खरेही आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. पुणतांब्यात मात्र तिला सायकलवाला मागे टाकतो, आणि हे नुकसान नसून उत्पन्न आहे. उंच स्विफ्ट चौकातून कधी गेली ते कुणालाच कळत नाही. खाली केलेली स्विफ्ट चौक ओलांडायला इतका वेळ घेते की ती कुणाची, कोण चालवतोय, आत कोण बसलंय आणि ऊसबिल जमा झाले का, एवढे सगळे विचारून होते. लॉस एंजेलिस परिसरातल्या मेक्सिकन वंशाच्या लोरायडर मंडळींचे ब्रीदच ‘खाली आणि सावकाश’ असे आहे. तिथल्या कायद्याने गाडीचा सांगाडा रिमच्या खालच्या कडेखाली नेण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी बटण दाबताच गाडी वर उचलणारे हायड्रॉलिक पंप बसवले. पुणतांब्यात हे काम मित्र गाडीतून उतरून करतात.

दिमाखाने वाहन मिरवण्याची परंपरा या गावाला परकी नाही. इथे चांगदेवांची समाधी आहे. ते हातात सापाचा आसूड घेऊन वाघावरून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले, अशी आख्यायिका महाराष्ट्र सांगतो. समोरून भावंडे आली ती भिंतीवर बसून. आणि भिंतीचे पोट जमिनीपासून किती वर असते, हे सांगायला नको. शिवाय १ जून २०१७ चा शेतकरी संप याच गावातून उठला, त्यामुळे एकदा घेतलेली भूमिका चर्चेविना सोडायची सवय गावाला नाही.

घरच्यांशी संबंध मर्यादित राहतात. आजीचे गुडघे दुखतात. तिला गाडीत बसवायला एक माणूस आणि उतरवायला दोन लागतात. आबा एकदाच बसले आणि म्हणाले, “गाडीत बसतोय का खड्ड्यात उतरतोय रं मी?” त्यानंतर ते एसटीनेच जातात. वस्तीची वाट गाडीला मानवत नसल्याने ती डांबरीलगत ओळखीच्या टपरीशेजारी झाकून ठेवतात, आणि लोअरवाला तिथून आबांच्या जुन्या स्प्लेंडरवर घरी जातो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण टेप लावून गाडीचे पोट मोजणारा पोलीस विरळा. एमएच १७ पुढचे ४१४१ हे आकडे ‘दादा’ असे वाचता येतील अशा वळणाने रंगवलेले असतात, आणि पावती त्याचीच फाटते.

लोअरवाल्याचा हा काळ लग्नाच्या बोलण्यांपर्यंत टिकतो. मुलगी बघायला मामा, काका, आत्याचे यजमान आणि मध्यस्थ असे चौघे भरले की मागचे टायर मडगार्डला घासतात, आणि शेजारच्यांची बोलेरो मागावी लागते. पुढे गाडी वर करायची ठरते. कापलेली स्प्रिंग लांब होत नाही. आधी वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून बघतात, तो चारीच्या नळीवर उडून जातो. अखेर गाडी त्याच गॅरेजात त्याच जॅकवर चढते. खाली करताना नुसती मजुरी होती. वर करताना मजुरी, चार स्प्रिंगा, चार शॉकअप, दोन टायर, घासलेल्या ऑइल चेंबरचे वेल्डिंग आणि अलाइनमेंट लागते. गाडी ज्यांच्या नावावर, बिल त्यांच्याच नावाने निघते.