बिनपत्त्याचा राग

महाराष्ट्रातल्या जागरूक नागरिकाची प्रकृती 2019 पासून बरी नाही. त्या वर्षी 23 नोव्हेंबरला त्याचा सकाळचा चहा व्हायच्या आत राज्याला सरकार मिळाले होते, 26 तारखेला ते गेले आणि 28 ला शिवाजी पार्कवर दुसऱ्याच मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. जून 2022 मध्ये आमदार सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला गेले, आणि हा गृहस्थ सोफ्यावरून न उठता त्यांच्या मागोमाग गेला. जुलै 2023 मध्ये पुन्हा शपथविधी, पुन्हा रक्तदाब. आता तो म्हणतो, ‘राजकारणाचा वीट आलाय, बातम्या बंद!’ घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझ्या मते निदानच चुकले आहे. राजकारणात भाग घेऊन तो दमला म्हणावे, तर त्याने भाग घेतला कधी? एवढ्या वर्षांत त्याने फक्त बघितले; आणि ज्यात आपले बोटही पोचत नाही ते रात्रंदिवस बघण्याइतके दमवणारे दुसरे काही नसते.

पुरावा हवा असेल तर त्याच काळातला आहे. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. प्रशासक आले आणि राहिले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. उघड्या गटारावरचे झाकण कोणाकडे मागायचे हे कोणालाच सांगता येत नव्हते, पण कोणत्या प्रतोदाचा व्हिप खरा याबद्दल अख्ख्या सोसायटीचे मत ठाम होते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा त्या झालेल्याच नाहीत ही बातमी काहींना तिथेच लागली असावी. संताप भरपूर होता, सगळा गुवाहाटीच्या हॉटेलात खर्ची पडला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: टीव्ही बंद करणे ही सुखवस्तू माणसाची चैन, ज्याचे पोटच सरकारी निर्णयावर अवलंबून त्याने काय करावे? त्याच्याकडूनच तर शिकावे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याला आदेशाची तारीख, मुदत आणि पडलेला भाव तोंडपाठ होता. मे 2024 मध्ये बंदी उठली, तरी 40 टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य शिल्लक आहे हेही त्याने लगेच हेरले. रात्री नऊच्या चर्चेत सहा जण एकदम ओरडत असताना त्यातले एक वाक्यही त्याच्या उपयोगाचे नव्हते. त्याचा राग आपल्यापेक्षा मोठा होता, पण त्या रागाला पत्ता होता. आपण पाठवतो ते बिनपत्त्याचे पाकीट. ते फिरून आपल्याच घरी येते आणि मग बायकोमुलांना वाचून दाखवले जाते.

दुसरे म्हणतील, भावना एवढी मापून वापरली तर चळवळी कशा होणार? संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी लोक काय थंड डोक्याने बसले होते? मुळीच नाही. पण 1956 ची संयुक्त महाराष्ट्र समिती, आचार्य अत्र्यांचे दैनिक ‘मराठा’, सभा, मोर्चे, 1957 ची निवडणूक, असे प्रत्येक संतापाला उद्या सकाळचे काम होते. शिवाय अत्रे लोकांना हसवत. आपल्याकडे संतापाचे उद्याचे काम म्हणजे तोच व्हिडिओ आणखी दोन ग्रुपवर टाकणे.

तेव्हा उपाय शोधायचा तो कमी रोमांचक राजकारणात. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. त्यांत कोणी सुरतला जात नाही. मतदार यादीतले नाव तपासावे, चुकले असेल तर 8 नंबरचा फॉर्म भरावा. आणि माहितीच्या अधिकाराइतके मन शांत करणारे दुसरे काही नाही: 10 रुपये भरायचे, एक प्रश्न विचारायचा आणि 30 दिवस निवांत राहायचे. उत्तर येईल, ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.’ खरे तर असा अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणे त्यांचेच काम, हे कलम 6(3) मध्ये लिहिले आहे. तेव्हा खुशाल चिडावे. पहिल्या अपिलाची मुदत 30 दिवसांची असते; तेवढे दिवस मात्र हा राग जपून ठेवावा लागेल.