बोनसराव, यंदा येताय ना?

प्रिय बोनसराव,

सा. न. वि. वि. पत्रास कारण की, कार्तिक सरला, धानाची मळणी झाली, कापणीची मजुरी अजून द्यायची आहे आणि तुमचा पत्ता नाही. कागदावर तुमचं नाव प्रोत्साहनपर रक्कम. पण भंडाऱ्यात त्या नावानं कोणी ओळखत नाही.

नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की तुम्ही प्रकटता, हे आम्हाला पाठ झालंय. 2022 च्या डिसेंबरात हेक्टरी 15,000, पुढच्या डिसेंबरात 20,000. 2021-22 च्या हंगामात मात्र आलाच नाहीत. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं होतं म्हणा. वाट चुकला असाल. मर्यादा दोन हेक्टरांची, आमची जमीन दोन एकर. म्हणजे तुमची आमची ओळख सोळा हजारांची. खतवाल्याची उधारी तुमच्याच नावावर चालते. तुम्हाला न विचारता, माफ करा.

आजा चिन्नोर लावायचा. चुलीवर भात रटरटला की शेजारीण विचारायची, पाहुणे आले का जी? आता सरकारी खरेदी केंद्रावर वासाला भाव नाही. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 आणि ‘अ’ दर्जाला वर 20 रुपये होते. मग आम्हीही शहाणे झालो, जाडं आणि वजनदार तेवढंच लावतो.

गेल्या खेपेस केंद्रावरच्या माणसानं मूठभर धान ओलावा मोजायच्या यंत्रात टाकलं. आकडा 18. हवा 17 च्या आत. “वाळवून आणा,” म्हणाला. डांबरी रस्त्याच्या कडेला पसरलं. बायको दोन दिवस अनवाणी त्यातून फिरत धान पायानं उलटत होती, नजर ढगांकडे. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी मोटारसायकल थांबवून म्हणाला, “काका, कशाला त्रास? माझ्याकडे यंत्र नाही.” भावही नव्हता.

घरी भात रेशनचा. 2023 पासून तोही फुकट. धान विकायचं, गिरणी-गोदामं फिरून तेच थैलीत परत आणायचं. परवा बायकोनं थैली उघडून नाकाजवळ नेली आणि काही न बोलता सुपात ओतली.

तरी यावं. गाडी कोणती ते कळवा.

आपला,
एक दोन एकरवाला

ता. क. : धान उभं होतं तेव्हाच ओल्या बांधीत लाखोळी फेकली होती, आता वीतभर आली आहे. तिला ना केंद्र, ना तुम्ही. ती घरीच खाऊ.